संतरामचं भारनियमन

संतरामने दुकानाच्या फळीवर खडूने स्वतःचं वेळापत्रक लिहिलं, तेव्हा गोरेगावात कोणाला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. २००५चा उन्हाळा होता. वीज रोज ठरल्या वेळी जायची, कधीकधी न ठरल्या वेळीही जायची, आणि ती कोणत्या फीडरवर, म्हणजे कोणत्या लाईनवर, केव्हा जाणार नि केव्हा येणार याचा कागद चावडीसमोर चिकटवलेला असायचा. सरकारी भाषेत त्याला भारनियमन म्हणत. संतरामने तोच शब्द उचलला. ‘संतराम वायरमन यांचे भारनियमन. सकाळी ७ ते १२ चालू. १२ ते ४ बंद. ४ ते ९ चालू. बंद काळात हाक मारू नये.’

ही पाळी त्याच्यावर आली ती त्याच्या जिभेमुळे. त्या जिभेला ‘नाही’ हा शब्द उच्चारताच येत नसे. कोणाची विहिरीवरची मोटार जळो, कोणाचा मिक्सर बंद पडो, कोणाच्या लग्नाच्या मांडवात ऐन वेळी अंधार होवो, संतराम हातातला घास ताटात ठेवून पक्कड उचलायचा. अशी बारा वर्षं काढल्यावर एके दिवशी तो स्टुलावरून सरळ खाली आला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रोग काही नाही, माणूस उपसला गेलाय. विहिरीचं पाणी दिवसरात्र ओढलं तर झऱ्यांना भरायला वेळ कुठून मिळणार? रोज चार तास मोटार बंद ठेवा. संतरामला आयुष्यात एवढं सोपं बोलणारा डॉक्टर भेटला नव्हता. घरी येताच त्याने बायकोला, सुनिताला, लेकीची शपथ घातली की बारा ते चार काहीही झालं तरी आपल्याला उठवायचं नाही.

सुनिताने शपथ घेतली, फळीवरचं सगळं दोनदा वाचलं आणि विचारलं, “ह्याच्यात गिऱ्हाइकं हायेत, झोप हाय. मी आन आपली पोरगी पुजा कोणच्या फीडरवर हाव?”

“घरच्यायला फीडर कशाला लागते? घरच्यायनं तारेवर आकडा टाकून घ्याचा,” संतराम म्हणाला. आपण फार गमतीचं बोललो असं त्याला वाटलं. सुनिता हसली नाही, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही, कारण बारा वाजायला आले होते.

घरच्यांमध्ये आणखी एक माणूस मोडत होतं. संतरामची थोरली बहीण भिकाबाई. आई गेली तेव्हा संतराम चार वर्षांचा होता, त्याला हिनेच वाढवलं. आता ती सिद्धेश्वरला धरणाच्या अलीकडे एका पत्र्याच्या घरात एकटी राहायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या घराला मीटर मिळालं, तेव्हा संतरामने बजावून सांगितलं होतं, “आक्का, वायरिंग मीच करनार. दुसऱ्या कोनाला हात लावू देऊ नको.” तेव्हापासून भिकाबाईच्या घरात मीटर होतं आणि रॉकेलची चिमणी होती. संतराम दर सणाला ‘पुढच्या महिन्यात येतो’ म्हणायचा, आणि खरंच सांगायचं तर त्याचा जायचा मनापासून विचार असायचा. पण सकाळी सात ते बारा गिऱ्हाइकं असत, चार ते नऊ गिऱ्हाइकं असत, आणि बारा ते चार तर संतराम बंदच असे.

भारनियमन मात्र दणक्यात चालू झालं. पहिल्या आठवड्यात लोकांनी कुरकुर केली, दुसऱ्या आठवड्यात त्यांना सवय झाली. विजेसाठी जी भाषा होती तीच त्यांनी संतरामला लावली. “संतराम हाय का गेला?” असं लांबूनच विचारायचे. शेजारी मोहियोद्दीनभाईंचं सायकलचं दुकान होतं. ते पंक्चर काढता काढता मान वर न करता सांगायचे, “गेला. चारला येईल.” उकंडराव नावाचा एक बागायतदार मागच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला की पूर्ण चालू होऊ नका, सिंगल फेजवर एक डोळा उघडून तेवढं सांगा, मोटार घुमून राहिली पण पाणी उचलत न्हाई. तरी संतराम उठला नाही. मग एकाने पुढच्या दाराशी येऊन “आग लागली” अशी आरोळी ठोकली. संतराम धडपडत बाहेर आला, तर तो माणूस हातात बंद पडलेला पंखा घेऊन उभा. त्या दिवशी संतरामने मनाशी पक्कं केलं, आता बाहेर प्रलय झाला तरी डोळे उघडायचे नाहीत. तोंडावर माश्या बसतात म्हणून तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून झोपू लागला.

या दोन महिन्यांत भिकाबाईचे चार फोन आले. फोन मोहियोद्दीनभाईंच्या दुकानात होता. सिद्धेश्वरला रुपया टाकायचा फोनचा लाल डबा होता आणि तिला शेतातून दुपारीच सवड मिळायची, त्यामुळे दरवेळी संतराम झोपलेला असायचा. ती सुनिताला एवढंच सांगायची, “त्याला म्हना एकडाव येऊन जा. काम काही न्हाई.” सुनिता निरोप द्यायची. संतराम म्हणायचा, वायरिंगचंच असणार, आक्का तोंडाने बोलत नाही एवढंच.

पाचवा फोन आला तेव्हा सुनिता दळण आणायला गेली होती. साडेबाराची वेळ. मोहियोद्दीनभाईंचे दोन्ही हात ट्यूबच्या सोल्यूशनने माखलेले. त्यांनी कोपराने रिसीव्हर उचलला. भिकाबाईने आधी त्यांची ख्यालीखुशाली विचारली, मग त्यांच्या बायकोच्या, मदीनाबीच्या गुडघ्याची विचारली, आणि रुपया संपत आला तेव्हा म्हणाली, “संतूला द्या जरा.”

“संतरामभाऊ गेला, आक्का,” मोहियोद्दीनभाई म्हणाले. ‘चारला येईल’ हे त्यांनी बरोबर सांगितलं, पण तोवर डब्याने रुपया गिळून लाईन कापली होती. आवाज त्यांचा मुळातच जड. त्यात त्यांना सर्दी झाली होती.

साडेतीन वाजून गेले होते. संतरामच्या घरासमोर एक जीप येऊन थांबली आणि बायकांचा मोठ्याने रडण्याचा आवाज उठला. जीप सटवाजीची होती, भिकाबाईच्या शेजाऱ्याची. जीपमध्ये भिकाबाईसकट अकरा माणसं कोंबून बसली होती, आणि सटवाजी कामाचा माणूस असल्यामुळे त्याने वाटेत सेनगावला थांबून नारळ आणि पांढरं कापडही घेतलं होतं. सगळे आत शिरले. खाटेवर संतराम डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढून पडलेला. पाहायचं काही शिल्लकच राहिलं नाही.

सुनिता हातातलं पीठ टाकून धावत आली. “आक्का, काहून रडून राहिल्या? झोपलेत ते. चारला उठतीन.”

भिकाबाईने तिला छातीशी धरलं आणि जास्तच मोठ्याने हंबरडा फोडला. बरोबरच्या बायका एकमेकींकडे बघून हळहळल्या. धक्क्याने बिचारीचं डोकं फिरलं, असं एकीने दुसरीच्या कानात सांगितलं. सुनिता पुन्हा म्हणाली, खरंच झोपलेत. तर सटवाजी फार मायेने म्हणाला, “व्हय बाई, झोपलेच. आता काही तकलीफ न्हाई त्यायला.” मग उठवून दाखव असं कोणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी सुनितासमोर लेकीची शपथ होती. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी तिच्या मनात असंही आलं की नवऱ्याचं वेळापत्रक किती मजबूत आहे ते एकदा त्यालाही कळू द्यावं.

संतराम जागा झाला होता. पहिल्या हंबरड्यालाच झाला होता. पण आगीच्या आरोळीनंतर तो शहाणा झालेला. त्याला वाटलं, उकंडरावने आता बाया भाड्याने आणल्या. त्याने डोळे घट्ट मिटले आणि श्वास अगदी हळू घेतला. तेवढ्यात खाटेच्या पायथ्याशी कोणीतरी बसलं, चादरीवरून त्याच्या पावलांवर हात फिरू लागला, आणि तो हात त्याने ओळखला.

“माझंच चुकलं रे संतू,” भिकाबाई रडत रडत म्हणत होती. “तू दमला व्हता, आन मी सारकी फोन करून राहिले, येऊन जा, येऊन जा. मीच तुला दमवलं. मला काहीबी नको व्हतं रे.”

संतरामला झटकन उठून बसायचं होतं. पण काय म्हणून उठायचं, हे त्याला कळेना. तीन वर्षं आपण गेलो नाही आणि माफी ती मागते आहे, हे ऐकून झाल्यावर तोंडावरची चादर त्याला काढवेना. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. चादरीच्या आत डोळ्यांतून पाणी वाहून कानात जाऊ लागलं, नाक भरलं, आणि शेवटी त्याला एक जोराची शिंक आली.

दोन बायका दारातून बाहेर पळाल्या, सटवाजीच्या हातातला नारळ सुटून घरंगळत गेला. संतराम उठून बसला. बाहेरून डोकावणाऱ्या मोहियोद्दीनभाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “आज पंधरा मिन्टं आधीच आला.”

भिकाबाईने आधी भावाला डोळे भरून पाहिलं, मग दोन थोबाडीत दिल्या, आणि मग त्याला पोटाशी धरून एवढं हसली की पुन्हा रडायला लागली. नेमकं काय झालं ते कळायला सगळ्यांना अर्धा तास लागला. अकरा माणसांचा चहा झाला. दुकानासमोर चार वाजताची गिऱ्हाइकं जमली होती. संतरामने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीत पक्कड, टेस्टर, वायरचं बंडल, होल्डर असं सगळं भरलं आणि तो जीपमध्ये आक्काच्या शेजारी जाऊन बसला. आज रात्रीपर्यंत तुझ्या घरात लाईट लावतो, नाहीतर नाव सांगणार नाही, असं तो वाटेत तीनदा म्हणाला. भिकाबाई दरवेळी “बरं” म्हणाली.

सिद्धेश्वरला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. संतरामने घरात पाऊल टाकलं आणि भिंतीकडे बघतच राहिला. वायरिंग झालेलं होतं. पट्टी वाकडी मारलेली, जोड नीट झाकलेला नाही, बटनाची फळी हातभर खाली. “हे कोन्या येड्यानं केलं?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“औंढ्याचा एक वायरमन पोरगा शेजारी कामाला आला व्हता. तुझ्यामागं किती कामं, म्हून घेतलं करून. दोन म्हैने झाले.” भिकाबाई जरा संकोचून म्हणाली, “पन दाबू दिलं न्हाई कोनाला. म्हनलं, माझा भाऊ वायरमन हाय, पैलं बटन त्योच दाबीन. म्हून तर फोन करून राहिले व्हते.”

दोन महिने ती तयार दिव्याखाली चिमणी लावून बसत होती. संतरामला वायरिंगमधले दोष पुढे काही दिसेनात. त्याने हात पुसले, बटनाशी गेला आणि दाबलं. काहीच झालं नाही. लाईट गेलेली होती.

“आमच्याकडं रातच्याला येती,” भिकाबाई म्हणाली. “तवर जेव तू.”

तिने भाकरी केली, पिठलं केलं. संतराम पोटभर जेवला. जागतो, लाईट येईपर्यंत बसतो, असं म्हणत तो खाटेवर जरा टेकला. बारा वर्षांचं दमणं होतं. त्या दुपारची झोपही धड झाली नव्हती.

तो उठला तेव्हा पत्र्याच्या फटींतून ऊन आत आलं होतं. भिकाबाई चुलीपाशी बसली होती. बाहेर सटवाजीची जीप हॉर्न देत होती, पहिली खेप निघायची होती. संतराम ताडकन उठून दिव्याकडे धावला. बटन वर केलेलं होतं. बंद.

“आक्का, लाईट आलती का?”

“आलती ना. चांगली पांढरी सपेद.”

“मग उठवलं काहून न्हाई?”

“सुनितानं निघताना सांगितलं व्हतं, झोपला की उठवायचं न्हाई म्हनून. उजेड सरळ तुझ्या डोळ्यावर येऊन राहिला व्हता, तू कूस बदलली. मग मीच बंद केलं.”

संतराम बटनावर बोट ठेवून उभा राहिला. त्याने ते खाली दाबलं. आता वीज नव्हती, रात्रीशिवाय येणार नव्हती. सटवाजीने पुन्हा हॉर्न दिला. गोरेगावात सातची गिऱ्हाइकं दुकानासमोर येऊन उभी राहिली असणार.

“किती येळ जाळला आक्का?” त्याने मागे न बघता विचारलं.

“तुझं तोंड दिसलं तितका येळ,” भिकाबाई म्हणाली आणि चुलीवरचा चहा उतरवून कपात ओतू लागली.