सुभेदारांची नाडी

सुभेदार रामराम करत नाहीत, मनगट पुढे करतात. "मास्तर, बघा जरा." बाजारात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर मी वर्गात पाढे घेत असताना खिडकीतून. आष्ट्यात त्यांच्या शेजारी राहतो एवढाच माझा गुन्हा. "लय पळतीया. आज काय खरं न्हाई."

मिरजेला तीनदा कार्डिओग्राम झाला. तिन्ही चांगले. तरी एसटीत बसलं की छाती धडधडायची, घाम फुटायचा आणि हे मधेच उतरून पायी परत. वडूजच्या लेकीला मुलगा झाला, तोही बघितला नव्हता. आई नाही म्हणून बिचारीचं बाळंतपण सासरीच झालेलं. फोनवर हे सांगायचे, "उसाला तोड आलीया." भर पावसाळ्यात तोड कुठली? लेकीला वाटलं, आण्णा रुसले. तिला खरं सांगा, असं मी म्हटलं तर म्हणाले, "फौजेतला गडी भितो, असं लेकीला सांगू व्हय?"

गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, सुभेदार. हे भीतीचं दुखणं. रोज एक गोळी घ्या, गुण यायला महिना लागेल. आणि रोज एसटीत बसा, एकेक थांबा वाढवा. धडधडलं तरी उतरू नका. पळून पळून नाडी आपोआप दमते." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुम्ही जा सोबत." माझ्या संध्याकाळींची वाट लागली.

महिन्यानं बघतो तर काडीचा फरक नाही. सुभेदारांनी खिशातून सगळ्या गोळ्या काढल्या. "रिझर्व्हला ठेवल्यात. हल्ला झाला की वापरायच्या."

मी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी फैलावर घेतलं तेव्हा कुठे गोळी पोटात जायला लागली.

मग इस्लामपूर झालं, कराड झालं. दर थांब्याला "उतरू का, मास्तर?" आणि मी त्यांचा सदरा धरून बसलेला. लोकांना वाटायचं, चोर पकडून नेतोय.

दिवाळीच्या सुट्टीत वडूज गाठलं. लेक दारातच थबकली. "रुसवा गेला व्हय आण्णा?"

"रुसलो न्हवतो गं. भ्यालो हुतो."

ती आत गेली. बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. सवयीनं सुभेदारांनी त्याचं मनगट दोन बोटांत धरलं. तान्ह्याची नाडी ती, पळणारच. आता हे उठणार.

"लय पळतीया, मास्तर."

"मग? उतरायचंय?" मी वैतागून विचारलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मनगट सोडलं नव्हतं.

"पळू दे," म्हणाले. "म्या न्हाई आता उतरत."