कुंदाताईचा हत्ती

नवशिक्यांसाठीचा ड्रॉइंग टॅब्लेट कुणाला भेट द्यायचा असेल, तर आधी टॅब्लेटला घरी पोह्यांना बोलवावं लागतं आणि माणूस त्याला पसंत पडावा लागतो. टॅब्लेट पोहे खात नाही. पण समोर बशी ठेवली नाही तर त्याच्या मनाला लागतं. मिरजेत तरी अशी रीत आहे. इतर गावांत काही वेगळं असेल असं वाटत नाही.

माझी थोरली बहीण कुंदाताई जमीन मोजणीच्या कचेरीत चौतीस वर्षं नकाशे ट्रेस करत होती. खाली जी रेघ असेल तीच वरच्या कागदावर उतरवायची. एवढ्या वर्षांत तिने काढलेली एकही रेघ तिची स्वतःची नव्हती. निवृत्त झाल्यापासून ती दुपारभर खिडकीशी बसून राहायची आणि विचारलं की म्हणायची, "काही नाही रे दिगू, बरी आहे की." ती बरी नव्हती. त्यात माझा हात होता, हेही मला ठाऊक होतं. ती दहा वर्षांची असताना तिने पाटीवर हत्ती काढला होता. मी गल्लीतली सगळी पोरं गोळा करून आणली आणि "बघा, ताईची म्हैस" म्हणून दाखवली. त्यानंतर तिने मनाने काही म्हणजे काही काढलं नाही.

ताईसाठी दुकानदार बोंद्रे यांनी तीन टॅब्लेट सुचवले. पहिला स्क्रीनवाला होता. त्याने परस्परच नकार कळवला. दुसऱ्याने घरात मांजर आहे का असं विचारलं, आणि होय म्हटल्यावर तो आलाच नाही. तिसरा काळा, पाटीएवढा आणि शांत होता. "याच्या अपेक्षा फार नाहीत," बोंद्रे म्हणाले. "माणूस तेवढा नवशिका पाहिजे. त्यात तो कुणाचं ऐकायचा नाही बघा."

आता आमच्याकडे माणूस दाखवायचा म्हटलं की आहे तसा दाखवत नाहीत. माझ्या बायकोला, मृणालला, मी बघायला गेलो तेव्हा मावशीने विणलेला टेबलक्लॉथ तिचा म्हणून मांडला होता, आणि त्याने आमचं काही बिघडलं नाही. तेव्हा मृणालने शेजारच्या पेठकरकाकूंची दोन चित्रं मागून आणली आणि भिंतीवर टांगली. एकात नदी होती, दुसऱ्यात फुलदाणी.

रविवारी सकाळी बोंद्रे टॅब्लेटला घेऊन आले. त्याला लोडाला टेकवून बसवलं आणि पेन शेजारी ठेवलं. ताई इस्त्रीची साडी नेसून समोर बसली.

"ही चित्रं कुणाची?" टॅब्लेटने विचारलं.

"ताईंचीच," मृणाल म्हणाली. "बसल्या बसल्या काढतात हो."

टॅब्लेटने चित्रं नीट पाहिली. "सावलीतला जांभळा छान उतरलाय," तो म्हणाला. "पण मी नवशिक्यांचा. तयार हाताशी माझं जमायचं नाही. क्षमा असावी."

बोंद्रे यांनी पिशवी उचलली. मृणालचा चेहरा खर्रकन उतरला.

"ती माझी नाहीत," ताई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पेठकरकाकूंची आहेत. मला काही येत नाही."

"नकार आला की सगळे असंच म्हणतात," टॅब्लेट म्हणाला. "दाखला लागेल."

बोंद्रे यांनी पिशवीतून नवशिकेपणाच्या दाखल्याचा फॉर्म काढला. अर्जदाराने समक्ष, खाली काही न ठेवता, मनाने एक चित्र काढायचं होतं. सातवा रकाना नातेवाइकांसाठी होता. टॅब्लेटने तो वाचून दाखवला. "अर्जदाराच्या चित्राला पूर्वी हसलेली व्यक्ती घरात हजर असल्यास तिने पुढे यावे."

मी पुढे झालो.

"कधी हसलात?"

"अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी."

"कशाला?"

"हत्तीला."

"कसा होता हत्ती?"

मला जरा आठवावं लागलं. "चांगला होता," मी म्हणालो. "सोंड तेवढी आखूड होती."

"तसं लिहा आणि सही करा."

मी लिहिलं, सही केली. मग ताईकडे वळून म्हणालो, "ताई, चुकलं माझं." हे फॉर्ममध्ये नव्हतं, पण कुणी हरकत घेतली नाही.

ताईने पेन उचललं. टॅब्लेट मृणालच्या लॅपटॉपला जोडला होता, त्यावर रेघ उमटू लागली. सवयीने तिने आधी कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला आणि दचकून थांबली.

"चुकलं तर?"

"पुसा."

"सही कुणाची घ्यायची?" कचेरीत एक रेघ खोडायची तर साहेबांची सही लागायची.

"कुणाचीच नाही," टॅब्लेट म्हणाला.

ताईने बाण पुसला, परत काढला, परत पुसला. असं तिने चार वेळा केलं. त्यानंतर हत्तीला सुरुवात केली.

पाऊण तास लागला. हत्ती पाण्याच्या टाकीला कान लावावेत तसा झाला होता. शेपूट आणि सोंड सारखीच जाड असल्यामुळे त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नव्हतं. बोंद्रे खाली मान घालून पोहे खात राहिले. मी हसलो नाही. मला हसूच आलं नाही.

"कुठे चाललाय हा?" टॅब्लेटने विचारलं.

"मला काय माहीत!" ताई म्हणाली. "आत्ता तर निघालाय." आणि ती स्वतःच हसत सुटली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"माझ्याकडून पसंती आहे," टॅब्लेट म्हणाला.

बोंद्रे यांनी दाखल्यावर शिक्का मारला. मग सगळे ताईकडे बघू लागले, कारण रीतीप्रमाणे आता आमच्या बाजूने उत्तर द्यायचं होतं.

ताईने डोळे पुसले, पदर सावरला.

"दोन दिवसांत कळवते," ती म्हणाली, आणि हत्तीची सोंड लांब करू लागली.