केळीच्या मधाची पाचवी वाटी

वनाजी नथ्थू चौधरी यांच्या मते खानदेशात भरवशाच्या गोष्टी दोनच होत्या. एक तापीचं पाणी आणि दुसरं वनाजींचं नाक. पैकी तापीचं पाणी उन्हाळ्यात आटतं, हेही ते सांगायला विसरत नसत. चाळीसगावच्या जकात नाक्यावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली होती. बंद डब्यात तूप आहे की तेल, हे आपण नुसत्या वासावरून ओळखत होतो, असं ते छातीठोकपणे सांगत. डब्यावर तसं लिहिलेलं असे, हे सांगत नसत. निवृत्तीनंतर ते जळगावला आले आणि त्यांनी दारावर हातभर लांब पाटी लावली : 'गुप्तहेर'.

त्यांचा साहाय्यक निर्मलकुमार. कापडाचं दुकान सांभाळणारा, शांत स्वभावाचा जैन गृहस्थ. साहाय्यक होण्याची त्याची पात्रता एकच होती : त्याच्याकडे स्कूटर होती.

एकोणसत्तर सालच्या चैत्रात या स्कूटरवरून दोघं फैजपूरला पोचले. वनाजींच्या खांद्यावर चऱ्हाटाची वेटोळी होती.

"दोरी कशाला, वनाभाऊ?"

"आरोपी बांधायला. यावलच्या दारूबंदीच्या हवालदाराला चिठ्ठीसुद्धा धाडलीय. पाच वाजता या, आरोपी तयार असेल."

"पण आरोपी कोण?"

"ते पाचपर्यंत कळेल."

प्रकरण महिला मंडळाच्या अध्यक्षा प्रमिलाबाईंच्या ओसरीवर मांडून ठेवलेलं होतं. रविवारी जळगावला फळांचं प्रदर्शन होतं. त्यासाठी बाईंनी दहा दिवसांपूर्वी मोठ्या बरणीत मध आणि पिकलेली केळी एकत्र मुरवायला ठेवली होती. काल बरणीवरचं झाकण आपोआप उडालं आणि आढ्याला लागलं. आत फेस. बाईंच्या यजमानांनी, म्हणजे आबांनी, दोन वाट्या चाखल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंची स्तुती केली. मग मात्र बाई घाबरल्या. दारूबंदीच्या दिवसांत अध्यक्षांच्या घरात दारू!

मध दिला होता सातपुड्याच्या पायथ्याच्या रुपसिंगनं. तो आणि त्याची आई बुधीबाई ओसरीच्या कोपऱ्यात सकाळपासून बसून होते. त्यानं मधात मोहाची दारू मिसळली, असं गावभर झालं होतं. हा बोभाटा खरा ठरला तर फैजपूरच्या एकाही घरात त्याचा मध जाणार नव्हता, आणि तो स्वतः मात्र पाच वाजता हवालदाराबरोबर जाणार होता.

"मी काही टाकं नही, भाऊ," रुपसिंग म्हणाला. "मध तोडाले मी कड्यावर चढस. दोरले लटकीसन दारू कशी वतू?"

"सराईत दिसतोय," वनाजी निर्मलकुमारच्या कानात म्हणाले. "नोंद कर."

प्रमिलाबाई पुढे आल्या. "मला काय म्हणायचंय, मी त्यात फक्त दोन तांबे—"

"बाई, तपासात मध्ये बोलायचं नसतं. आधी पुरावा चाखला पाहिजे. निर्मल, तू घे."

"आम्हाला मध चालत नाही, वनाभाऊ. दारू तर नाहीच."

"असला कसला साहाय्यक! दोघांची जबाबदारी मलाच उचलावी लागणार."

त्यांनी उचलली. पहिली वाटी भरली, डोळे मिटले, जिभेवर घोळवली. "लिही. सुरुवातीला पिकलेलं केळं. मागून मध. शेवटी नाकात झिणझिण. निष्कर्ष : मोहाची दारू."

"मोहाचा वास येतोय?"

"येत नाही, हाच पुरावा. चोर वास मागे ठेवील काय?"

निर्मलकुमारनं लिहिलं. खानदेशात लिहून घ्यायची माणसाला सवय असली की त्याला फार प्रश्न पडत नाहीत. तरीही बरणीशेजारचं मधाचं दुसरं मडकं त्याला दिसलं. रुपसिंगनं त्याच दिवशी, त्याच पोळ्यातलं दिलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं. "हे उघडून बघू या का?"

"मुद्देमाल आहे तो! हात लावू नकोस." वनाजींनी दुसरी वाटी भरली. "हे बुडबुडे बघ. सोडा! शेजारी कोण राहतं?"

"बेबाबाई. त्यांना यंदा अध्यक्ष व्हायचं होतं," आबा उत्साहानं म्हणाले.

बेबाबाई कुंपणापलीकडेच पापड वाळत घालत होत्या. "मेल्या, सोडा पापडात घालायला पुरत नाही मला! तुझ्या अध्यक्षिणीच्या बरणीत ओतू?"

हा खुलासा इतक्या मोठ्यानं झाला की वनाजींनी तो ताबडतोब मान्य केला आणि तिसरी वाटी घेतली. चौथीनंतर त्यांची टोपी तिरकी झाली आणि बुद्धी सरळ सुटली.

"निर्मल! आपण चुकलो. रुपसिंग निर्दोष आहे."

रुपसिंगची मान वर झाली.

"खरी गुन्हेगार मधमाशी आहे! चैत्रात मोहाची फुलं गळतात. माश्या त्यावर बसल्या, झिंगल्या आणि तशाच पोळ्यात शिरल्या. संपूर्ण पोळं व्यसनी! पण त्यांना तिकडे जाऊ कोणी दिलं? रुपसिंगनं! म्हणजे हा त्यांचा म्होरक्या. बांधा याला!"

रुपसिंगची मान पुन्हा खाली गेली.

"वनाभाऊ," निर्मलकुमार म्हणाला, "बाई मघापासून काहीतरी सांगताहेत."

"मी एवढंच म्हणतेय, दोन तांबे—"

"बाई, शांतता!"

दोरी सोडायला वनाजी उठले आणि बसले. पुन्हा उठायच्या आधी त्यांनी पाचवी वाटी घेतली.

तेवढ्यात बुधीबाई उठली. तिनं बरणीत वाकून पाहिलं, एकदा वास घेतला आणि प्रमिलाबाईंकडे वळली.

"यामा पानी कोनी टाकं वं बाई?"

"मीच," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मघापासून तेच तर सांगतेय. मध फार घट्ट होता, केळी बुडेनात. म्हणून दोन तांबे घातलं."

"मंग आंबनारच ना! निस्ता मध वरीसभर ऱ्हास. पानी पडनं, फळ पडनं, वर हाई ऊन. फुगाव नही ते काय करी?"

तिनं दुसऱ्या मडक्याचं फडकं सोडलं. मध दहा दिवसांपूर्वी होता तसाच होता, सोन्यासारखा आणि गप्प. ना फेस, ना बुडबुडा.

निर्मलकुमारला त्याच्या आईची, पानबाईंची हाक आठवली : ओला चमचा बरणीत घालू नको रे, लोणचं नासेल. ही गोष्ट त्याला पाचव्या वर्षापासून ठाऊक होती. ती इथल्या प्रत्येकाला ठाऊक होती. फक्त आज एक तज्ज्ञ आला असल्यामुळे कोणाला आठवली नव्हती.

प्रमिलाबाई रुपसिंगसमोर येऊन उभ्या राहिल्या. "चुकलं माझं. रविवारी हेच मडकं प्रदर्शनात ठेवते. वर चिठ्ठीवर तुझं नाव घालते."

"आधी बेबाअक्काले सांगा," रुपसिंग म्हणाला. "त्या सांगतीन, मंग बठ्ठा गावले कळी."

कुंपणापलीकडून आवाज आला, "ऐकलं मी!"

आणि पाच वाजले. हवालदार धनसिंग सायकल टेकवून वर आले. "आरोपी तयार आहे म्हणे?"

त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. ओसरीवर डोलणारा, तोंडाला वास येणारा आणि खांबाला मिठी मारून उभा असलेला माणूस एकच होता.

"यांच्याकडे परमिट आहे?"

"ते तपास करत होते," निर्मलकुमार म्हणाला.

"किती?"

निर्मलकुमारला खोटं बोलता येत नसे. "पाच वाट्या."

धनसिंगांनी खिशातून वही काढली. वनाजींनी खांबाला आणखी घट्ट धरलं. तेव्हा पुढे आला तो रुपसिंग. "जाऊ द्या, साहेब. म्हातारा मानूस शे. बाईना मुरंबा खाई ग्या, आनखी काय?"

धनसिंगांनी बरणी हुंगली, प्रमिलाबाईंचा चेहरा पाहिला, आणि वही खिशात ठेवली. "हे केळीच्या बुडाशी ओता. माझ्यासमोर." आबांनी ते काम जड अंतःकरणानं केलं.

परतताना वनाजी स्कूटरवर टिकेनात. अखेर रुपसिंगनं त्यांचंच चऱ्हाट सोडलं आणि त्यांना निर्मलकुमारच्या पाठीशी पक्कं बांधलं. गाठ कड्यावर लटकणाऱ्या माणसाची होती, सुटायचा प्रश्नच नव्हता.

तापीच्या पुलावर पाठीमागून आवाज आला. "निर्मल, आरोपी बांधला का रे?"

"बांधला, वनाभाऊ."

"शाब्बास," वनाजी म्हणाले. "घट्ट धर. फार बडबड करील तो."