दोन फटके दंड

काशिनाथअप्पांनी परवा माझ्या उपम्याला एक फटका दंड लावला. मीठ कमी होतं. कढीपत्ता ताजा होता म्हणून दुसरा फटका माफ, असंही त्यांनी वर ऐकवलं.

रेवा, ईशान, व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या मागून "दंड! दंड!" असं कोण ओरडतं, असं तुम्ही विचारलं होतं. ते हे अप्पा. आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. उभी नोकरी शेतांची मोजणी करण्यात गेली. दोन भावांच्या बांधातली वीतभर जमीन कोणाची हे ठरवून त्यांनी दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर तुमच्या आजोबांनी त्यांना गोल्फ दाखवलं आणि अप्पांना वाटलं, हा तर आपलाच खेळ. मोठं रान, मोजमाप आणि जागोजागी भांडण.

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. नियम मोडला की न मारलेले फटकेही नावावर चढतात. अप्पांनी हा कायदा मैदानापुरता ठेवला नाही. लिफ्टचं दार उघडं टाकलं, एक फटका. गाडी वाकडी लावली, दोन. त्यांच्या हिशेबाने आमची सोसायटी केव्हाच स्पर्धेतून बाद झाली आहे.

मैदान फुलंब्रीच्या रस्त्याला आहे. हिरवळ पावसाळ्यापुरती; एरवी बाभळी, मुरूम आणि चेंडू ज्यात घालायचा त्या भोकाभोवती तेल पाजलेली वाळू. खेळणाऱ्यांना नियम पाठ असतात, पण फक्त दुसऱ्याला लागू होणारे. एक डॉक्टर आहेत. त्यांचा पहिला फटका चुकला की तो "सरावाचा" असतो. एक बिल्डर झाडामागे गेलेला चेंडू बुटाने हळूच बाहेर घेतात आणि म्हणतात, "जाने दो ना अप्पा, पाँव लग गया." अप्पा जाऊ देत नाहीत. नियमांचं इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात. "वहिनी, तुमचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. ह्या वाक्याचा अर्थ सांगा. पळवाट नको." त्यामुळे काठी कधी हातात न धरताही मला नियम अख्खे पाठ आहेत.

एकदा मैदानात मेंढरं शिरली आणि एकीच्या पायाने अप्पांचा चेंडू थेट भोकाशी जाऊन थांबला. डॉक्टर म्हणाले, "नशीब काढलंत!" अप्पांनी चेंडू मुकाट्याने मूळ जागी नेऊन ठेवला आणि मेंढरांमागच्या म्हातारीला समजावलं, "घाबरू नका मावशी. मेंढी ही बाहेरची शक्ती आहे. दंड नाही."

"शक्ती कशाची सायेब," म्हातारी म्हणाली, "चारा नाय औंदा. लई वाळली बगा ती."

स्वतःच्या बाबतीत तर ते आणखी कडक. झुडपाआड पान उचलताना चेंडू बोटभर हलला. कुणी पाहिलं नव्हतं. पण झुडपातून आरोळी आली, "मला एक फटका दंड!" अशा माणसाबरोबर कोण खेळणार? एकेक करून सगळे गळाले. उरले तुमचे आजोबा.

आणि आजोबांची नजर गेली. पूर्ण नाही, कडेचं दिसतं, समोर बघावं तिथे राखाडी डाग. फटका अजून झकास बसतो, चेंडू कुठे पडला ते कळत नाही. हरवला की दंड घ्यायचा आणि पुन्हा मागे जाऊन मारायचा. उन्हाळ्यात एका रविवारी चेंडूमागून चेंडू हरवले. घरी येऊन त्यांनी काठ्यांची पिशवी माळ्यावर टाकायला सांगितली. "आंधळ्याने कशाला खेळायचं?" मग दिवसभर खुर्चीत. मला त्या खुर्चीची भीती वाटू लागली. अप्पा संध्याकाळी यायचे, बसायचे आणि दंड न लावता निघून जायचे.

शेवटी मी एक युक्ती केली. आजोबांच्या चेंडूंवर माझ्या मरून नेलपॉलिशचे दोन जाड ठिपके दिले. वाळले की ते अंगठ्याला जाणवतात; सापडलेला चेंडू आपलाच, हे न बघता कळतं. चेंडूवर आपली खूण करणं नियमात बसतं, हे अप्पांनी पुस्तकात दोनदा तपासलं. आजोबा पुन्हा जायला लागले. छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन मीही सोबत. "एक चेंडू हरवला तरी चालेल," आजोबा म्हणाले, "पण पुन्हा तसा रविवार आला तर पिशवी माळ्यावर. कायमची."

त्याच सुमारास तळमजल्याच्या शेळकेबाईंनी बातमी आणली. "अहो, तुमचे अप्पा गुलमंडीवर बांगड्यांच्या दुकानात! नेलपॉलिश घेत होते. गुलाबी! या वयात!" सोसायटीला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं जुनी ओळख, कुणी म्हणालं नवी. मीही हसले.

पण चेंडू सापडायला लागले. दर रविवारी, दर वेळी. काटेरी बाभळीतूनसुद्धा.

गेल्या रविवारी आजोबांचा चेंडू बाभळीच्या जाळीत गेला. अप्पा पुढे. मी छत्री धरून जरा मागे. अप्पा एका झुडपापाशी थांबले, हात विजारीच्या खिशात गेला, पाय किंचित हलला आणि पायाजवळ काहीतरी पांढरं पडलं.

"माधवराव, इकडे! जरा डावीकडे. पायाशी बघा!"

आजोबा चाचपडत वाकले.

"थांबा! आधी जागेवर खूण करा, मग उचला. नाहीतर दंड!" अप्पा कडाडले.

आजोबांनी खूण केली, चेंडू उचलला, अंगठा फिरवला. चेहरा असा उजळला! "माझाच!" म्हणत त्यांनी चेंडू माझ्यापुढे धरला. दोन ठिपके होते. गुलाबी. वेडेवाकडे, कडेला ओघळलेले.

मी म्हटलं, "तुमचाच."

आजोबा फटक्याच्या तयारीला लागले. अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या नावावर दोन फटके दंड, वहिनी. झुडपाची फांदी मोडली माझ्याकडून."

एकही फांदी मोडलेली नव्हती.

घरी आल्यावर आजोबांनी दोनदा चहा मागितला. "अप्पाला परत हरवलं! नियमांचा पंडित, पण खेळ ढिला झालाय त्याचा. दर रविवारी फांद्या मोडतो." पिशवी त्यांनी दाराशीच ठेवली, पुढच्या रविवारसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. अप्पांच्या खोलीत एकच खुर्ची, त्यावर घडी घातलेलं वर्तमानपत्र. मी मरून रंगाची बाटली त्यावर ठेवली.

"गुलाबी नको. बिल्डरसाहेबांच्या लक्षात आलं तर उगाच आमच्या ह्यांच्यापर्यंत जाईल. आणि ठिपका दिल्यावर वाळेपर्यंत चेंडू कलंडू देऊ नका, ओघळतो."

अप्पांनी बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "वहिनी, ही बाहेरची मदत झाली. दंड बसतो."

"किती?"

"दोन फटके."

"माझ्या नावावर धरा," मी म्हटलं.

त्यांनी वर्तमानपत्र उचललं, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि चहा टाकायला आत गेले.