काळ्या पडद्यामागचा हात

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, असं माझं मत आहे. दोनदा येणं शतकाला झेपलं नसतं, असं ताईचं मत आहे. उंच कपाळ (केस मागे हटत चालल्यामुळे दरवर्षी आणखी उंच), भेदक नजर (चष्मा सापडला तर) आणि समोरच्याच्या काळजाचं पाणी करणारं मौन, जे मला अजून जमलेलं नाही. पोटापाण्यासाठी मी पाण्याचे फिल्टर विकतो. पण माझं खरं क्षेत्र म्हणजे यंत्रांचे गुन्हे. मध्यंतरी कार्डावर 'तांत्रिक अन्वेषक' असं छापून घेतलं होतं. त्यावरून दोन फोन आले. दोघांनाही घरातलं भूत घालवून हवं होतं.

ताई दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यातली यंत्रं मी बघतो, कारण तिला भावाला नाही म्हणवत नाही आणि भावाला ते कळत नाही. मदतीला दवाखान्याच्या सिस्टर असतात. म्हणजे तिथे दोन सिस्टर: एक सगळ्यांची, एक माझी. मला दारात पाहिलं की दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटतो.

प्रकरण सर्व्हरचं होतं. पेशंटांचे सगळे एक्स-रे आणि स्कॅन साठवणारा हा जाडजूड डबा आतल्या खोलीच्या कपाटात, प्लास्टरच्या दातांच्या साच्यांखाली बसतो. त्याचा पंखा इतका कर्कश ओरडायचा की बाहेर बसलेले लोक तो ड्रिलचा आवाज समजून चपला घालायचे. मी कंपनीच्या साइटवर शोध घेतला. मदरबोर्डचं नवं फर्मवेअर टाकलं की पंखा शांत होतो, असं कळलं. फर्मवेअर म्हणजे बोर्डाच्या पोटात मुक्कामाला असलेला छोटा प्रोग्राम. यंत्र जागं झालं की आधी तो उठतो, मग बाकीच्यांना उठवतो.

"पेशंट यायच्या आत होईल ना?" ताईने विचारलं.

"चहा टाक. उकळायच्या आत झालेलं असेल."

पेन ड्राइव्ह लावला. पट्टी सरकत शंभर टक्क्यांवर गेली आणि मी ते ओरडून जाहीर केलं. मग पडद्यावर एक लांबलचक सूचना आली. सूचना वाचणं माझ्या पद्धतीत बसत नाही. कबुलीजबाब आधीच वाचला तर तपासाला उरणार काय? मी 'ठीक आहे' दाबलं. यंत्र बंद होऊन चालू झालं, पंखा फिरू लागला आणि पडदा काळा झाला.

तो काळाच राहिला.

तेवढ्यात बाहेर एक पेशंट काकू आल्या. गाल सुजून टम्म, त्यावर बर्फाची पिशवी. अक्कलदाढ. ताई मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "ही दाढ आज काढायचीय. तिच्या मुळाला लागून नस आहे. नस नेमकी कुठून जाते ते स्कॅनमध्ये दिसतं, आणि मागे काढलेला स्कॅन तुझ्या त्या डब्यात आहे. तो बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"दुसरा काढ."

"तोही त्याच डब्यात जातो, बाळ्या."

दवाखान्यात बाळ्या म्हणायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे. पण तक्रार करायच्या आत, सगळं ऐकलेल्या काकू बोलू लागल्या. सुजलेल्या गालातून एकेक शब्द वाट काढत येत होता. "दोन वर्षं... घाबरत होते. आज कशीबशी आले. परत पाठवलंत... तर पुन्हा नाही येणार."

माझ्या चुकांची किंमत सहसा यंत्रं मोजतात. ती रडत नाहीत. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

अशा वेळी थोर गुप्तहेर काय करतो? तो काहीतरी करतो. यंत्र बंद केलं, चालू केलं. काळं. पहिला संशय बाहेरच्या हातावर, म्हणजे पडद्याच्या वायरीवर. सिस्टरच्या टेबलावरचा पडदा उचलून आणला, जोडला, यंत्र बंद करून चालू केलं. काळं.

"भाऊ," सिस्टर म्हणाल्या, "आत तो पिवळा दिवा आहे ना, तो मघापासून सरकत सरकत पुढे चालला होता. तुम्ही बंद केलंत आणि परत पहिल्या जागेवर आला."

"सिस्टर, दिवे गुन्हे करत नाहीत."

"मी कुठं म्हटलं गुन्हा केला? मी म्हटलं, चालला होता."

मी त्यांच्याकडे दयार्द्र नजरेने पाहिलं. अशा तपशिलांत अडकणारी माणसं आयुष्यभर मदतनीसच राहतात.

दुसरा सिद्धांत: आतलाच कोणीतरी फितूर. मेमरीच्या पट्ट्या रांगेत उभ्या होत्या, निरागस चेहऱ्याने. संशयितांना एकत्र ठेवलं की ते जबान्या जुळवून घेतात, म्हणून एकेकीला वेगळं काढून यंत्र चालू केलं. एकही फुटली नाही. दर वेळी पंखा, पिवळा दिवा, काळोख. आणि दर वेळी माझा संयम संपून बटणावर बोट.

तिसरा सिद्धांत बोर्डावरच्या चपट्या बॅटरीचा. ती काढून सिस्टरच्या वजनकाट्यातली घातली. यंत्र सुरू झालं नाहीच, शिवाय वजनकाटाही बंद पडला. सिस्टर म्हणाल्या, "तेवढंच बरं झालं," आणि काट्यावरून उतरल्या.

चौथ्या सिद्धांतावर मी स्वतःच खूश होतो. घातपात! अवजारं उकळणारं यंत्र चालू होतं तेव्हा वीज कमी पडली आणि फर्मवेअर अर्धवट बसलं. मी सिस्टरवर बोट रोखलं. "आज सकाळी ते यंत्र कोणी लावलं?"

"मीच. रोज मीच लावते."

"म्हणजे कबूल!"

"शंभर टक्के झालेलं तुम्हीच ओरडून सांगितलंत ना? मग अर्धवट कसं बसलं?"

बाहेरून काकूंचं कण्हणं ऐकू आलं. कपाटातले प्लास्टरचे दात माझ्याकडे बघून हसत होते. मी मेमरीच्या पट्ट्या आणि जुनी बॅटरी जागच्या जागी बसवली, यंत्र पुन्हा चालू केलं आणि सवयीने बटणावर बोट ठेवून उभा राहिलो. दाबणार इतक्यात ताईने माझं मनगट धरलं.

"इकडे ये."

"ताई, पाचवा सिद्धांत—"

"खुर्चीत बस."

तिने मला पेशंटच्या खुर्चीत ढकललं, खुर्ची आडवी केली, तोंडावर दिवा मारला. "चार महिने डाव्या बाजूने चावत नाहीयेस तू. जेवताना बघते मी. आ कर."

तोंडात आरसा, नळी आणि बहिणीची दोन बोटं असताना पाचवा सिद्धांत मांडता येत नाही. मी तो "आँ आँ" असा मांडला. तो बोर्डाच्या तिसऱ्या पिनबद्दल होता आणि अत्यंत सखोल होता, एवढंच मी आज सांगू शकतो.

"बराच जुना गुन्हा आहे," ताई दाढेत टोचत म्हणाली. "पुरावा नष्ट होत आलाय. इंजेक्शन देते."

गाल बधिर झाला. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांना घट्ट. ड्रिल सुरू झालं. मी गयावया करत छताकडे बघत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे, ताईने दाढ भरली, वर कापसाचा बोळा ठेवला आणि त्याच क्षणी आतून सिस्टर ओरडल्या, "ताई! पडदा लागला! पासवर्ड मागतोय!"

मी खुर्चीतून अर्धा उठलो. सर्व्हर चालू होता आणि त्याला कोणीही हात लावला नव्हता.

"काय केलंत सिस्टर?" ताईने विचारलं.

"काही नाही. भाऊ नव्हते."

गुन्हेगार सापडला होता. ज्या सूचनेवर मी न वाचता 'ठीक आहे' दाबलं, तिच्यात हेच लिहिलं होतं: नवं फर्मवेअर आलं की बोर्ड पहिल्यांदा सगळी मेमरी नव्याने तपासतो, त्याला वेळ लागतो, तोवर पडदा काळा राहतो, कृपया बंद करू नका. बिचारा मोजत मोजत पुढे जात होता आणि मी दर वेळी त्याची मोजणी मोडत होतो. पट्टी काढली, पुन्हा पहिल्यापासून. बॅटरी काढली, पुन्हा पहिल्यापासून. मला खरोखर लाज वाटली. बधिर गालामुळे ती अर्ध्याच चेहऱ्यावर दिसली असावी.

स्कॅन उघडला. नस दिसली. काकू आत गेल्या. मी बाहेर बाकावर बसून, कधी नव्हे ते, काहीही केलं नाही.

काकू बाहेर आल्या तेव्हा तोंडात कापूस आणि डोळ्यांत हसू होतं. त्या माझ्या शेजारी बसल्या. ताई दारात उभी राहून नेहमीचं सांगू लागली, "बोळा दाबून धरायचा. बोलायचं नाही. जीभ लावायची नाही, बोट तर अजिबात नाही. आपोआप भरून येतं." हे सगळं ती काकूंना सांगत होती, पण बघत माझ्याकडे होती.

सर्व्हरचा पंखा आता मांजरासारखा शांत झाला होता. पुढचा पेशंट आत गेला, ड्रिल सुरू झालं आणि त्या नव्या शांततेत त्याचा एकेक फेरा भिंतीतून स्वच्छ ऐकू येऊ लागला. बाकावरची दोन माणसं उठून चपला शोधू लागली.

सिस्टर माझ्याजवळ आल्या. "भाऊ, तो पंख्याचा आवाज परत आणता येईल का हो?"

माझे डोळे चमकले. जुनं फर्मवेअर पेन ड्राइव्हवर होतंच. मी उठायला लागलो. पण काकूंनी, तोंडातून चकार शब्द न काढता, माझं मनगट धरलं आणि बोळा निघेपर्यंत सोडलं नाही.