बबनअण्णांची हिमनदी

बबनअण्णांच्या फ्रीजमध्ये खडी असते. बांधकामाची, काळी, स्वच्छ धुतलेली खडी, डब्यात पाणी घालून गोठवलेली. पहिल्यांदा ती बघून मी विचारलं, "अण्णा, हे काय?" तर म्हणाले, "हिमनदी हाय. हात लावू नगा."

बरं, हा माणूस काही प्राध्यापक वगैरे नाही. पिंपळे सौदागरचे मूळ गावकरी. आज आमची सोसायटी उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचं हरभऱ्याचं रान होतं. अण्णांनी उभी हयात चाकणच्या एका कंपनीत ग्राइंडिंग मशीन चालवलं. जाडी मोजायची ती व्हर्नियर पट्टी अजून खिशात असते. भाजीवाल्याची भेंडीसुद्धा तिने मोजतात आणि "रिजेक्ट" म्हणून परत टाकतात. कंपनीत सुपरवायझर ओरडायचा, अण्णा, हात उचला, टार्गेट आहे! अण्णांचं उत्तर ठरलेलं, "घाई कुनाला हाय?" त्यांचा एकही पार्ट कधी परत आला नाही, हेही तितकंच खरं.

तर हे रिटायर झाले आणि वर्षभरात यांनी सोसायटीच्या बागेत, कोपऱ्यात, लडाख उभारलं. मातीचे डोंगर, दगडगोटे, मधून एक घळ. दर रविवारी त्या घळीतून खडीचा बर्फ ओढायचा.

"नदी करवतीवानी कापती, म्हनून दरी निमुळती व्हती," अण्णा समजावून सांगायचे. "बर्फाचं तसं न्हाई. त्याच्या पोटात अडकलेला दगूड घासतो, आमच्या ग्राइंडिंगच्या चाकासारखा. तळ कसा रुंद करून ठेवतोय बगा! मंग तिथं लोकं जव पेरत्यात. बर्फानं आणून टाकलेल्या दगडांची घरं बांधत्यात. वितळलेलं पानी पाळीपाळीनं घेत्यात. आमी न्हाई का पाटाचं घ्यायचो?" जवाच्या जागी यांनी मेथी पेरली होती. आणि ती चक्क उगवलीही!

कमिटीचं डोकं फिरलं. त्या कोपऱ्यात सेल्फी पॉइंट करायचं ठरलं होतं. मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "हा राडारोडा इथे चालणार नाही."

अण्णा उठले. "सायेब, तुमच्या फ्लॅटखाली माज्या बापाचा हरभरा हाय. त्यानं कदी तक्रार केली का? ढीग हलनार न्हाई. काय करायचं ते करा!"

मी सेक्रेटरी. म्हणजे वाईटपणा माझ्याच गळ्यात. ढीग हलवा अशी नोटीस घेऊन मी रविवारी सकाळी निघालो, मनातल्या मनात अण्णांना शिव्या घालत. एवढा लडाखचा पुळका आहे तर जाऊन राहावं ना तिथेच! एरवी रविवारी मी दहाच्या आत उठत नाही, त्यामुळे हा बर्फ ओढतं कोण, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

ढिगापाशी खुर्चीत कुसुमकाकू बसल्या होत्या. अण्णांची बायको. लकव्याने त्यांची डावी बाजू गेलेली, बोलणंही अडखळतं. त्या डाव्या हाताच्या मनगटाला सुतळीचा वेढा होता आणि सुतळीचं दुसरं टोक बर्फात गोठवलेलं. काकू ओढत होत्या. चेहरा लालबुंद, ओठ आवळलेले. बर्फ ढिम्म हलत नव्हता.

नोटीस काढायचा धीर होईना, म्हणून मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "अण्णा, तुम्ही लडाखला कधी गेला होतात?"

"कोन गेलंय?" अण्णा बर्फावरची नजर न काढता म्हणाले. "रिटायर झालो तवा दोघांची तिकिटं काढली हुती. हिचाच हट्ट, बर्फाची नदी बगायची. निघायला आठ दिस राहिले आन् ही पडली. हातासाठी डॉक्टरनं रबरी चेंडू दिला, दाबत ऱ्हावा म्हनला. हिनं तो उजव्या हातानं गॅलरीतनं खाली फेकला. दुसरा आनला, तोबी फेकला. ही नदी मात्र ओढती."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात खर्र आवाज झाला. बर्फ सरकला! अण्णा गुडघ्यावर बसले आणि व्हर्नियर लावली. "बासष्ट मिलिमीटर! मागल्या रविवारी चाळीस हुते. कुसुम, ओके पार्ट!"

काकूंनी वाकडं तोंड कसंबसं जुळवलं. "अजू... अजून," त्या म्हणाल्या आणि सुतळी पुन्हा ताणली.

"सायेब, पाय काढा," अण्णा माझ्यावर खेकसले. "दरीत उभं हायसा."

मी पाय काढला. चेअरमन विचारतील तेव्हा त्यांना काय सांगायचं ते माझं मी बघेन.

"आन् कागद हाय का? आकडा लिवून ठिवतो."

माझ्याकडे एकच कागद होता. मी तो उलटा केला आणि कोरी बाजू वर करून अण्णांच्या हातात दिला.