फतेगंजात तीनदा संपलेला सामना

लक्ष्मीकांतराव दिघ्यांनी बायकोला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की या घरात एक रशियन माणूस रात्रभर राहून गेला हे घराच्या भिंतींनासुद्धा कळणार नाही. कोयलीच्या रिफायनरीत ते नऊ वर्षं रशियनचे दुभाषे होते. एवढ्या काळात साहेब लोकांची एकही गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर गेली नव्हती, याचा त्यांना फार अभिमान.

"भिंतींना नाही कळणार," मंदाकिनीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मागच्यांना कळेल त्याचं काय?"

मागचे म्हणजे परसाच्या भिंतीपलीकडचे. फतेगंजातला तो दुमजली बंगला भाड्यानं स्वस्त मिळाला होता तो याच मागच्यांमुळे. साहेबाच्या अमदानीत छावणीत तापानं मेलेले गोरे शिपाई तिथं ओळीनं पुरलेले होते. लक्ष्मीकांतराव म्हणायचे, इतके शांत शेजारी सगळ्या बडोद्यात मिळायचे नाहीत. मंदाकिनीबाई दिवेलागणीनंतर परसातला कपडा मात्र काढायला जात नसत.

बहात्तर सालचा सप्टेंबर. म्युनिकला ऑलिंपिक चाललं होतं. चार दिवसांपूर्वी तिथं खेळाडूंचीच हत्या झाली होती, आणि तरी खेळ पुढे चालू ठेवले होते. बास्केटबॉलच्या शेवटच्या सामन्यात अमेरिका आणि रशिया समोरासमोर येणार होते. आपल्या घड्याळात तेव्हा रविवारची पहाट, सव्वाचार.

लक्ष्मीकांतरावांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण रिफायनरीच्या कामावर आलेला ग्रिगोरी नावाचा इंजिनियर, ज्याला फोरमन लोक गिरीभाई म्हणत, तीन दिवस धड जेवला नव्हता.

"तुमच्या वसाहतीत रेडिओ आहे की," लक्ष्मीकांतराव त्याला म्हणाले.

"रेडिओ आहे, आणि रेडिओशेजारी आमचे प्रमुख आहेत. ते म्हणतात, शिस्तीत ऐका. मला शिस्तीत ऐकता येत नाही. मी रडतो." ग्रिगोरी सहा फुटांवर दोन इंच उंच होता, तो रडत असेल असं वाटत नसे. "युद्धानंतर आमच्या गल्लीत खांबाला बादलीचं कडं ठोकलेलं होतं. चिंध्यांचा चेंडू करून त्यात टाकायचो. हे अमेरिकन छत्तीस वर्षं ऑलिंपिकमध्ये एकदाही हरलेले नाहीत. मला एक अंधारी खोली हवी. बाकी काही नको."

अंधारी खोली लक्ष्मीकांतरावांकडे होती. अडचण वरच्या मजल्याची होती. तिथं कोल्बी नावाचा तरुण अमेरिकन राहायचा, युनिव्हर्सिटीत शिकवायला आलेला. अमेरिकन माणसाच्या छपराखाली रशियन इंजिनियर सापडला तर ग्रिगोरीला पुढच्याच विमानानं घरी धाडलं असतं, आणि त्याला तिथं नेणाऱ्या दुभाष्याला कायमचं घरी बसवलं असतं.

म्हणून लक्ष्मीकांतरावांनी आधी कोल्बीचा अंदाज घेतला. तो जिन्यात केळं खात उभा होता.

"फायनल? या आठवड्यात आहे का?" कोल्बी म्हणाला. "आम्ही कॉलेजची पोरं पाठवतो हो तिथं. खरा खेळ आमच्याकडे घरी असतो, हिवाळ्यात. जिंकले तर पेपरात एक ओळ येते. मी तर मित्रांबरोबर अबूला चाललोय."

आणि शनिवारी दुपारी तो खरंच पिशवी घेऊन, वरच्या दाराला कुलूप लावून, रिक्षात बसून स्टेशनकडे गेला. लक्ष्मीकांतरावांनी ते खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी ग्रिगोरी आला. नकाशांचं भाषांतर करायचंय असं वसाहतीत सांगून आला होता. मंदाकिनीबाईंनी त्याला पोळ्या वाढल्या, त्यानं एक खाल्ली. मग त्याला मागच्या कोठीच्या खोलीत गव्हाच्या पिंपाशेजारी सतरंजी घालून दिली. खोलीची एकुलती खिडकी परसाकडे उघडायची.

"वर कोण राहतं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही," लक्ष्मीकांतराव म्हणाले. त्या रात्रीपुरतं ते खरंच होतं.

पहाटे चारला वीज गेली. ट्रान्झिस्टर सेलवर चालत होता, त्यामुळे सामन्याला धोका नव्हता. पण आता खोलीत रेडिओवरच्या हिरव्या काट्याखेरीज काही दिसत नव्हतं. मॉस्कोचा निवेदक मध्येच अगदी कानाशी येऊन बोलायचा आणि मध्येच विहिरीत उतरत गेल्यासारखा लांब जायचा. मागून शिट्ट्या, मागून आणखी कुठल्यातरी देशातली बाई गात होती. ग्रिगोरी गुडघ्यांत डोकं घालून ऐकत होता. रशियन पुढे होते.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा लक्ष्मीकांतरावांना वाटलं, मांजर असेल.

छतातून कोणीतरी कण्हलं.

हळू, लांब, पोटातून आलेलं कण्हणं. आणि ते विरतंय न विरतंय तोच निवेदक ओरडला, रशियाचे आणखी दोन गुण. ग्रिगोरीनं मूठ आवळली, पण डोकं वर केलं.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणीतरी कण्हलं."

"जुनं घर आहे. लाकूड फुगतं."

थोड्या वेळानं लाकूड पुन्हा फुगलं. पुन्हा आधी कण्हणं, आणि मग दोन गुण. तिसऱ्या वेळी लक्ष्मीकांतरावांच्या ते लक्षात आलं. आवाज येत होता हे एक वेळ सोडून देता आलं असतं. पण वरच्याला आधी कळत होतं. म्युनिकात चेंडू जाळीत पडला हे मॉस्कोवरून फतेगंजात कळायच्या अर्धा श्वास आधी रिकाम्या खोलीतला कोणीतरी त्याचं दुःख करून मोकळा होत होता.

दार ढकलून मंदाकिनीबाई आत आल्या. त्यांच्या हातात मेणबत्ती होती.

"अहो, वर कोणी चालतंय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. अनवाणी."

"कोल्बी अबूला गेलाय."

"ते मला माहीत आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "म्हणूनच तर सांगायला आले."

तिघंही छताकडे बघत बसले. सामना पुढे सरकत होता. अमेरिकन मागून येत होते, दहा गुणांचं अंतर वितळत चाललं होतं, आणि आता वर कोणी कण्हत नव्हतं; वर हसू येत होतं. दबलेलं, उशीत तोंड खुपसून हसल्यासारखं. ग्रिगोरी हा पक्का विज्ञाननिष्ठ माणूस. देव, आत्मा, मांजर आडवं जाणं यातलं काही तो मानत नसे. पण आता तो रेडिओ ऐकायचं सोडून छतच ऐकत होता. वरून हसू आलं की तो डोळे मिटायचा, आणि मग निवेदक ती वाईट बातमी सांगायचा.

शेवटचे तीन सेकंद उरले. रशिया एका गुणानं पुढे. अमेरिकेच्या पोराला दोन फ्री थ्रो मिळाले. वर धप्प झालं. पुन्हा धप्प झालं. पन्नास विरुद्ध एकोणपन्नास, अमेरिका पुढे.

ग्रिगोरी सतरंजीवर आडवा झाला.

यापुढे जे झालं ते लक्ष्मीकांतरावांना आजन्म नीट सांगता आलं नाही. चेंडू आत आला, खेळ थांबला, गोंधळ. एक सेकंद उरलाय. नाही, पुन्हा तीन सेकंद. पुन्हा चेंडू आत, भोंगा झाला, सामना संपला. वरच्या खोलीत कोणीतरी उड्या मारायला लागलं. छताचा चुना ग्रिगोरीच्या डोक्यावर, खांद्यावर, पापण्यांवर पडला. तो पुसत नव्हता. त्याच्या गालांवर चुन्यातून दोन ओल्या रेघा उतरत होत्या.

"संपलं ना?" मंदाकिनीबाईंनी हळूच विचारलं.

"संपलं," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"मग तो माणूस अजून का बोलतोय?"

निवेदक सांगत होता की घड्याळ नीट लावलेलंच नव्हतं. तीन सेकंद पुन्हा खेळायचे. वरच्या उड्या एकदम थांबल्या. लक्ष्मीकांतरावांना खेळ कळत नसला तरी एवढं कळत होतं, की गेलेली वेळ परत येत नसते. इथं तेच तीन सेकंद तिसऱ्यांदा येत होते. अंधाऱ्या खोलीत, चुन्यानं पांढऱ्या झालेल्या माणसाशेजारी बसून त्यांना वाटलं, आता ही पहाट उजाडणारच नाही, हे तीन सेकंद संपतील, पुन्हा येतील, आपण इथंच बसलेले असू.

मग वरून किंकाळी आली.

ती ऐकताच ग्रिगोरी उठून उभा राहिला. निवेदकानं अजून काही सांगितलं नव्हतं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला चेंडू अजून हवेत होता. पण ग्रिगोरीला कळलं होतं. त्यानं दोन्ही हात वर केले, छताला लावले, आणि असा गरजला की गव्हाच्या पिंपाचं झाकण थरथरलं. एक्कावन्न विरुद्ध पन्नास.

मागच्या लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. कोणीतरी खाली येत होतं. पावलं परसात आली आणि कोठीच्या दाराशी थांबली.

"उघडू नका," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

पण ग्रिगोरीच्या अंगात त्या क्षणी भीतीला जागा नव्हती. त्यानं कडी काढली.

बाहेर फटफटत होतं. दारात पांढरा लेंगा, पांढरा गंजीफ्रॉक आणि त्याहून पांढरा चेहरा घेऊन कोल्बी उभा होता, हातात बॅटरी. तिच्या उजेडात त्याला चुन्यानं माखलेला, रडणारा, हसणारा एक राक्षस दिसला, आणि बॅटरी खाली पडली.

"तुम्ही अबूला गेला होतात," लक्ष्मीकांतराव राक्षसाच्या काखेखालून पुढे येत इंग्रजीत म्हणाले.

"वाटेतूनच, पालनपूरहून परतलो," कोल्बी म्हणाला. "मित्रांना सांगितलं, पोट बिघडलंय."

"मग आल्याबरोबर दिवा का नाही लावलात? आम्ही इथं मरायचे राहिलो."

"मला त्या सामन्याचं काही नाही असं मी सगळ्यांना सांगितलं होतं," कोल्बी म्हणाला, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. त्याच्या लेंग्याच्या खिशातून छोट्या रेडिओची कानात घालायची तार लोंबत होती. त्याचं स्टेशन मॉस्कोपेक्षा अर्धा श्वास पुढे होतं, एवढाच त्या भुताचा चमत्कार. "हा कोण?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लक्ष्मीकांतरावांनी सांगितलं. कोल्बी ताडकन उठला.

"त्याला सांगा, सामना संपला होता. दोनदा संपला होता. ही चोरी आहे."

"तो काय म्हणतो?" ग्रिगोरीनं विचारलं.

"तो म्हणतो, सामना फार अटीतटीचा झाला."

"त्याला सांगा, तीन सेकंद म्हणजे तीन सेकंद. दोन नव्हे. आम्ही यासाठी छत्तीस वर्षं थांबलो, त्यांना तीन सेकंद थांबवत नव्हतं?"

"तो काय म्हणतो?" कोल्बीनं विचारलं.

"तो म्हणतो, तुमची मुलं शूर आहेत."

कोल्बीला हे अपेक्षित नव्हतं. त्याचा ओठ थरथरला. तो ओठ पाहिल्यावर ग्रिगोरीला भाषांतराची गरज वाटली नाही. असा ओठ त्यानं आरशात वर्षानुवर्षं पाहिला होता. त्यानं कोल्बीला दोन्ही दंडांना धरून जवळ ओढलं आणि आपल्या देशाच्या पद्धतीप्रमाणे त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कांताबेन नळाला पाणी आलं म्हणून घागर घेऊन अंगणात आल्या होत्या. घागर पडल्याचा आवाज झाला, आणि मग कांताबेनचा.

सात वाजेपर्यंत पुढच्या दारी पंचवीस माणसं जमली. तोवर ग्रिगोरीला आंघोळीच्या खोलीत कोंडलं होतं.

"मारी सगी आंखे जोयुं, लक्ष्मीकांतभाई, या डोळ्यांनी पाहिलं," कांताबेन धापा टाकत सांगत होत्या. "दोन गोरे. एक ताडासारखा उंच, अंगभर कबरीची माती. दुसऱ्याच्या गालाचा चावा घेत होता. आणि तुम्ही मध्ये उभे, हात जोडून."

लक्ष्मीकांतरावांच्या डोळ्यांपुढे रिफायनरीचं फाटक उभं राहिलं. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत कोयलीला पोचलं असतं. भुतांची तक्रार मात्र कोणी रिफायनरीत करत नाही.

"काय सांगू, बेन," ते खाली मान घालून म्हणाले. "आम्हाला हे नेहमीचंच आहे."

नोकरी वाचली. दुपारी ग्रिगोरी टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या गल्लीनं गेला. पण घराची जी कीर्ती झाली ती गावभर. भांडीवाली सोमवारपासून आलीच नाही. दूधवाला फाटकाबाहेर दूध ठेवून घंटा वाजवून पळू लागला. ऐन गणपतीत मोदकांच्या परातीपासून सगळं घासायची पाळी मंदाकिनीबाईंवर आली, आणि त्या आठवडाभर नवऱ्याशी फक्त 'जेवायला वाढलंय' एवढंच बोलल्या.

शेवटी कांताबेननं पुढाकार घेऊन भुतांना शांत करायचं ठरवलं. शनिवारी दिवेलागणीला परसाच्या भिंतीशी नारळ, उदबत्त्या, साखर मांडली. भटजींनी मंत्र म्हटले. पण कांताबेनला शंका होती, की गोऱ्यांना मंत्र कसे कळणार. त्यांच्या भाषेत कोणीतरी समजावायला हवं. सगळ्यांनी कोल्बीकडे पाहिलं.

त्या आठवडाभरात कोल्बीनं सामन्याचा शब्द काढला नव्हता. हरलेलोच नाही तर बोलायचं कशाबद्दल, असं त्यानं एकदाच सांगितलं होतं. आता तो भिंतीपाशी गेला, पलीकडच्या अंधारात बघत उभा राहिला, आणि इंग्रजीत हळू बोलू लागला.

"आम्ही एका गुणानं पुढे होतो," तो म्हणाला. "भोंगा झाला होता. सगळ्यांनी ऐकला होता. तुम्हीसुद्धा ऐकला असेल." मग घड्याळाबद्दल, पंचांबद्दल, पोरांनी चांदीचं पदक कसं घेतलं नाही त्याबद्दल तो पुष्कळ वेळ बोलला. पलीकडे गवत हललं. बायकांनी हात जोडले. कांताबेननं डोळ्यांना पदर लावला.

"केटलुं सरस बोल्या," त्या म्हणाल्या.

कोल्बी परत आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता. "पहिल्यांदाच कोणी मध्ये न बोलता ऐकून घेतलं," तो लक्ष्मीकांतरावांना म्हणाला. सोमवारी भांडीवालीही कामावर आली.

हे सगळं लक्ष्मीकांतरावांनी रिफायनरीच्या उपाहारगृहात ग्रिगोरीला हसत हसत सांगितलं. ग्रिगोरी हसला नाही. त्यानं चहाचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे त्यांनी फक्त त्याचंच ऐकलं," तो म्हणाला. "हे बरोबर नाही. त्यांना दुसरी बाजूही कळायला हवी. मला अर्धा तास पुरे. अंधार पडल्यावर येतो."

त्याला नाही म्हणणं लक्ष्मीकांतरावांच्या जिवावर आलं. त्यांनी येत्या शनिवारचं कबूल केलं, आणि मंदाकिनीबाईंना हे कसं सांगायचं याचा विचार करत ते घरी निघाले. फतेगंजापर्यंत काही सुचलं नाही, म्हणून ते फाटकावरून पुढे गेले आणि आणखी एक फेरी मारून आले.